मोघेसाहेब आणि कमानीची उंची

मोघेसाहेब टेम्पोत पुढे बसत नसत. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी सोडून ते मागे, डाळिंबांच्या क्रेटमध्ये बसत. मला हे कळलं ते गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या फाटकापाशी. नोकरीचा पहिलाच आठवडा होता. सांगोल्याकडून आलेल्या टेम्पोचं मागचं फाळकं उघडलं, हमालाने क्रेट ओढायला हात घातला आणि आतून चष्मा लावलेले एक सडपातळ गृहस्थ छत्री टेकत उभे राहिले.

"ह्यो माल कुठं उतरवायचा?" हमालाने विचारलं.

"मला शेवटी घ्या," मोघे म्हणाले. "आधी ही मंडळी."

मंडळी म्हणजे डाळिंबं. ती उतरल्यावर मोघे उतरले, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "यवतच्या अलीकडे फार लागतं हो. उजव्या बाजूला."

हे आमचे व्यवस्थापक. संघ पुणे आणि सोलापूर बाजूच्या डाळिंबवाल्या शेतकऱ्यांचा, सहकारी. मार्केट यार्डातल्या दलालाने ठरवलेल्या भावाला मान न डोलावता शेतकऱ्यांनी आपला माल आपल्या नावाच्या खोक्यात भरून परस्पर परदेशी पाठवावा, एवढ्यासाठी तो काढलेला होता. मी गुणवत्ता तपासणीला होते. प्रत्यक्षात तपासायला गुणवत्ता नव्हती आणि पाठवायला खोकी नव्हती, म्हणून पहिली दोन वर्षं मी मुख्यतः मोघ्यांनाच तपासलं.

त्यांचा एक सिद्धांत होता. डाळिंब बाहेरून ठणठणीत दिसतं, पण धक्का बसला की आतले दाणे तपकिरी पडतात आणि ते कळतं हॉलंडात, सुरीने कापल्यावर. तेव्हा शेतापासून बंदरापर्यंत डाळिंब जे सोसतं ते माणसाने आधी सोसून बघायला हवं. त्यासाठी ते स्वतः क्रेटमध्ये बसत आणि कुठे लागलं, किती लागलं, हे घरी गेल्यावर बायकोकडून पाठीवर बघून घेत. वहिनींनी मला एकदा सांगितलं, "सबंध जिल्ह्याचे रस्ते मला तोंडपाठ आहेत. मी कधी गेले नाही कुठे."

रस्त्यांना ते त्यांच्या नंबराने ओळखत नसत. "तो तीन दाण्यांचा रस्ता," असं म्हणत. अर्थात त्या रस्त्याने आणलं तर तीन दाणे खराब होणारा. एकदा बांधकाम खात्यातल्या एका साहेबांची वेळ मिळाली. मोघ्यांनी पिशवीतून डाळिंब काढलं, टेबलावर कागद पसरला, नीट चार फाकी केल्या आणि एका फाकीवर बोट ठेवलं.

"हा आपला रस्ता," ते म्हणाले.

साहेबांनी निरखून पाहिलं. मग ती फाक उचलून खाल्ली.

"गोड आहे की," ते म्हणाले आणि उरलेल्या तीनही रस्त्यांकडे वळले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "साहेब, पुढच्या वेळी फोटो न्या."

"पुरावा खाल्ला हो त्यांनी," मोघे म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. राग त्यांना फक्त बटाट्याचा येई.

बटाट्याचं कारण पुढे येईल. आधी पॅकहाउस.

मांजरीच्या पुढे खडकमळा नावाचं गाव आहे. आता ते पुण्यातच धरतात, तेव्हा नुसता ऊस होता. तिथले बबनराव आमच्या संघाचे अध्यक्ष. त्यांनी जागा दिली आणि तिथे संघाचं पॅकहाउस उभं राहिलं. म्हणजे डाळिंबं धुवायची, निवडायची, खोक्यात भरायची आणि थंड ठेवायची इमारत. इमारत उत्तम होती. तिच्याकडे जाणारा रस्ता नव्हता. मधला तुकडा बैलगाडीचा, पावसाळ्यात बैलांचाही नाही. मोघ्यांनी पुढची काही वर्षं त्या तुकड्यासाठी अर्ज केले आणि दरम्यान लोकांना डोक्याला जाळी घालायला शिकवलं.

पॅकहाउसमध्ये केस पडू नये म्हणून सगळ्यांनी पांढरी जाळीची टोपी घालायची, हा परदेशी गिऱ्हाइकांचा नियम. मोघ्यांनी तो धर्मासारखा धरला. गावातली म्हातारी माणसं आपल्या टोपीवर जाळी चढवून येत, तेही त्यांनी चालवून घेतलं. पण बबनरावांची मिशी दोन्ही गालांवरून वर गेलेली होती.

"अध्यक्षमहाराज, मिशीचं काय?" मोघ्यांनी विचारलं.

"काय म्हंजी? मिशीला टोपी घालू का?"

"आपली हरकत नसेल तर."

"सायेब, मी जागा दिलीया. मिशी न्हाई देणार."

शेवटी तडजोड झाली. बबनरावांनी खिडकीच्या बाहेरून अध्यक्षपद सांभाळावं. ते खिडकीत उभे राहून आत सूचना देत आणि आत बायका निवांत काम करत. संघाची ही व्यवस्था फार चांगली चालली.

हॉलंडचं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघायला आलं तेव्हा मोघ्यांनी बबनरावांना बजावून ठेवलं होतं, "स्वागत कमी, स्वच्छता जास्त." बबनरावांनी मान हलवली आणि हलगी, लेझीम, फेटा, सगळं केलं. गिऱ्हाईक उंच, लाजरं होतं. फेटा बांधून घेतल्यावर त्याने एवढंच विचारलं, की कामगार हात कुठे धुतात. आम्ही त्याला बेसिनपाशी नेलं. नवंकोरं बेसिन, नवा नळ आणि नळाला गुलाबी फीत बांधलेली.

"ही फीत कशाला?" मोघ्यांनी हळूच विचारलं.

"उद्घाटन राह्यलंय ना," बबनराव म्हणाले. "आमदारसायेबांची तारीख मिळंना. तवर कुणी हात लावायचा न्हाई असं ठरलंय."

"मग इतके दिवस हात कुठे धुतले?"

"इहिरीवर."

मोघ्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, कात्री." मी खोकी कापायची कात्री ताटात ठेवून आणली. गिऱ्हाइकाने फीत कापली, हात धुतले, टाळ्या पडल्या. त्याला वाटलं ही आमची पद्धतच असावी, दर पाहुण्याने आल्यावर हात धुऊन दाखवायचे. तो खूश झाला आणि पुढच्या हंगामात एक कंटेनर घेईन म्हणाला.

आता बटाटा. संघाच्या संचालकांचा धीर संपत आला होता. इतका खर्च करून बांधलेलं शीतगृह, आणि त्यातून एकही कंटेनर निघालेला नाही. एका बटाट्याच्या व्यापाऱ्याने ते भाड्याने मागितलं होतं. बैठकीत ठरलं, की या हंगामात खडकमळ्याहून कंटेनर गेला तर ठीक, नाहीतर एक मेपासून बटाटे. मोघे एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. बैठकीतून ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"बटाट्याला काय हो," ते म्हणाले. "तो कुठेही झोपतो. त्याला शीतगृह?"

निवृत्तीचं त्यांना काही नव्हतं. पण सांगोल्याच्या नि इंदापूरच्या ज्या शेतकऱ्यांना त्यांनी इतकी वर्षं 'यंदा नक्की' म्हणून सांगितलं होतं, त्यांची डाळिंबं पुन्हा यार्डात दलालासमोर पालथी पडणार, हे त्यांना सोसवत नव्हतं.

त्यातल्या त्यात रस्ता झाला होता, हीच काय ती चांगली बातमी. नुसता झाला नाही, पुन्हा पुन्हा झाला. एकदा मोघ्यांच्या अर्जामुळे, एकदा निवडणुकीमुळे, एकदा कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून आणि एकदा तो अर्ज जुन्या फायलीतून पुन्हा वर आला म्हणून. आपल्याकडे जुना थर खरवडून काढायची पद्धत नाही. डांबरावर डांबर, त्यावर डांबर. रस्ता असा गुळगुळीत झाला, की मोघे क्रेटमध्ये बसून आले आणि चक्क झोपलेले सापडले. "शून्य दाणे," जागे झाल्यावर ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी एकदाच ऐकलं.

मग ते कमानीखाली गेले, स्टुलावर चढले आणि त्यांनी छत्री वर धरली.

गावाच्या तोंडाशी कमान होती. अशी प्रत्येक गावाला असते. ही बबनरावांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेली. दोन बाजूंना दोन सिमेंटचे हत्ती, वर आडवी तुळई, तिच्यावर वडिलांचा फेट्यातला अर्धपुतळा आणि 'आपले सहर्ष स्वागत आहे'. बांधली तेव्हा चांगली उंच होती. पण कमान जिथल्या तिथे राहिली आणि रस्ता वर वर येत गेला. पूर्वी छत्रीचं टोक तुळईला टेकवायला मोघ्यांना शिडी लागायची, आता स्टुलावर भागत होतं.

"बाई," ते म्हणाले, "आपण रस्ता मागितला नसता, तर कंटेनर आत आला असता."

"रस्ता नसता तर कंटेनर इथवरच आला नसता," मी म्हटलं.

"तेही खरंच," ते म्हणाले आणि बराच वेळ तसेच छत्री धरून उभे राहिले. येणारे-जाणारे त्यांना नमस्कार करत होते. पुतळ्याला सावली धरलीय, असं त्यांना वाटलं असावं.

त्यांनी खात्याला कळवलं, की थर खरवडून द्या. रस्ता आवडल्याबद्दल खात्याने आभार मानले. बबनरावांना विचारलं, की तुळई काढून वर बसवू, खर्च संघाचा. बबनराव म्हणाले, "सायेब, माज्या बापाच्या पायाखालची तुळई काढता? म्हाताऱ्याला लटकत ठिवता का?" कमानीच्या बाजूने वळसा घालावा तर एकीकडे ओढा आणि दुसरीकडे बबनरावांच्या चुलतभावाचा ऊस. चुलतभाऊ म्हणजे कोर्टात चाललेली केस. तिथून उंदीर गेला तरी नोटीस येई.

मोघ्यांनी आकडेमोड केली, कंटेनरवाल्यांना फोन केले आणि जाहीर केलं, की जाईल. घासून जाईल, पण जाईल.

कंटेनर आला त्या दिवशी बबनरावांच्या मुलीचं लग्न होतं. यात कुणाची चूक नव्हती. बोट ठरलेली होती आणि मुहूर्तही ठरलेला होता. डाळिंबं आदल्या दिवशीच भरून शीतगृहात तयार होती. संध्याकाळपर्यंत कंटेनर बंदराकडे निघायलाच हवा होता. मंडप पॅकहाउसच्या शेजारच्या रानात. दोन्हींकडे जायला वाट एकच, कमानीखालून.

सकाळी अकराच्या उन्हात तो लांबलचक ट्रेलर आला, कमानीपर्यंत आला आणि थांबला. ड्रायव्हर भगवान खाली उतरला, वर पाहिलं आणि म्हणाला, "दोन बोटं कमी हायेत."

"चाकांची हवा काढा," जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला. असं म्हणणारा एकजण सगळीकडे असतोच.

"आणि भरणार कोण? तू फुकणार?" भगवान म्हणाला. "बसल्या चाकांनी माल भरून घाट उतरू? गाडी जाईल बोटीच्या आधी खाली."

मोघे ट्रेलरभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी वाकून चाकांवरच्या स्प्रिंगांचे पाटे पाहिले.

"हा रिकामा आहे म्हणून उंच आहे," ते म्हणाले. "भरला की पाटे दबतील आणि आरामात जाईल."

"मग भरा की," भगवान म्हणाला.

"माल आत आहे."

"मग आत घेऊ."

"आत जायला आधी भरायला हवा."

मी घड्याळाकडे पाहिलं. हातांनी खोकी इथवर आणता आली असती, पण उन्हात खोकं बाहेर काढलं की निर्यातीचे सरकारी निरीक्षक ते नापास करणार. निरीक्षक पॅकहाउसमध्ये शिक्का घेऊन सकाळपासून बसलेले होते.

ट्रेलर मागे घ्यावा, तर तेवढ्यात मागे वऱ्हाड येऊन थडकलं. बसेस, जीपगाड्या, बँडचा टेम्पो आणि सगळ्यांत पुढे घोड्यावर नवरा. नवरा हिंजवडीत कंपनीत कामाला होता. मंडपाकडून बबनराव धावत आले, फेटा सुटलेला, मिशी मात्र जागेवर.

"सायेब, मुहूर्त बारा पस्तीसचा हाय! काढा हे धूड!"

"काढतो," मोघे म्हणाले. "मला फक्त वजन द्या."

"कसलं वजन?"

मोघ्यांनी छत्री उचलून वऱ्हाडाकडे रोखली.

मला वाटलं होतं हाणामारी होईल. पण नवरा घोड्यावरून वाकून म्हणाला, "सर, बेसिकली लोड वाढला की सस्पेन्शन खाली जाणार. लॉजिक करेक्ट आहे." जावयानेच मान्य केल्यावर बबनराव स्वतःच वऱ्हाडाला गाड्यांतून उतरवायला लागले.

मोघ्यांनी कंटेनरची दारं उघडली, स्टूल लावलं आणि पुढे उभे राहिले. "मंडळी, पादत्राणं बाहेर. अन्नाची जागा आहे. आणि डोक्याला जाळी."

"जाळी?" नवऱ्याच्या मामांनी विचारलं.

"केस पडतात."

"अहो, आम्ही लग्नाला आलोय!"

"म्हणूनच पाच मिनिटांत सोडतो," मोघे म्हणाले. मी पॅकहाउसमधून जाळ्यांचे गठ्ठे आणले. फेट्यांवर त्या बसेनात. मग फेटे हातात आणि जाळ्या डोक्यावर, असं ते वऱ्हाड एकामागून एक आत चढलं. कंटेनरच्या तळाला ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात, त्या अनवाणी पायांना टोचतात. "आई गं" करत बायका पैठण्या सावरत आत सरकत होत्या. बाहेर चपलांचा आणि बुटांचा ढीग झाला. नवऱ्याचे बूट पळवायला आलेल्या करवल्यांनी तो ढीग पाहिला आणि त्या तिथेच मटकन बसल्या.

"आता ऐका," मोघे दारातून म्हणाले. "आपण सगळे डाळिंबं आहात. शेजाऱ्याला घासायचं नाही. धक्का बसला तर सोसायचा नाही, ओरडून सांगायचं. दारं उघडीच राहतील."

ट्रेलर खाली बसताना दिसत होता. मोघे रस्त्यात आडवे पडून पाटे बघत होते आणि हात हलवून अजून माणसं मागत होते. बँडवाले चढले. ताशा चढला. "अजून एक बोट!" मोघे ओरडले. मग बबनराव स्वतः चढले. आत जायच्या आधी त्यांनी मोघ्यांकडे पाहिलं, मोघ्यांनी त्यांच्या मिशीकडे पाहिलं. बबनरावांनी एक जाळी घेतली, अर्धी फाडली आणि तोंडाला बांधली. मोघ्यांनी मान झुकवली.

भगवानने गाडी सुरू केली. ट्रेलर मुंगीच्या चालीने कमानीखाली शिरला. वर सिमेंटचे वडील, खाली जाळीतला मुलगा आणि मधे बोटभर फट. आतून कुणीतरी ताशावर टिपरी मारली, मोघे "हलू नका!" म्हणून किंचाळले. मग मागचं टोक कमानीतून सुटलं.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. कंटेनरचं गार करायचं यंत्र चालू होतं, आत दारं उघडी असूनही गारवा होता, बाहेर एप्रिल. नवऱ्याच्या दोन आत्यांनी उतरायला साफ नकार दिला. "आम्ही हितंच बसतो. अक्षता हितनं टाकतो." त्यांना थंड सरबत दाखवून खाली आणावं लागलं. अक्षता त्यांच्या मुठीतून आधीच सांडल्या होत्या. निरीक्षक वाकून बघत म्हणाले, "तांदूळ? डाळिंबाच्या कंटेनरमध्ये तांदूळ?" आम्ही पाचजणींनी तो पुन्हा धुतला, पुसला, पट्ट्यांमधून एकेक दाणा काढला. पलीकडे मंगलाष्टकं चालू होती. मोघे दाराशी उभे राहून प्रत्येक 'सावधान'ला कंटेनरमध्ये डोकावत होते.

माल चढला, दारं बंद झाली, शिक्का बसला. भरलेला ट्रेलर परत जाताना कमानीला साधं विचारतही नव्हता, चांगली चार बोटं फट होती. भगवान घाट नेहमीच्या वेगाने उतरणार म्हणाला, म्हणून मोघे त्याच्या शेजारी चढून बसले. मागे शिक्का बसलेला होता, म्हणून पहिल्यांदाच पुढे. कंटेनर वेळेवर बोटीवर चढला, माल हॉलंडात पोचला, कापल्यावर दाणे लाल निघाले. बटाट्याचा व्यापारी दुसरीकडे गेला. मोघ्यांनी शिल्लक रजा लावली आणि बंदरावरूनच मुलाकडे नाशिकला गेले. निरोपसमारंभाची शाल आम्ही पार्सलने पाठवली. फोनवर ते पुष्कळदा बोलले, विशेषतः रस्त्यांविषयी, पण मला पुन्हा ते दिसले नाहीत.

दिसले ते त्या संध्याकाळी शेवटचे. नेमकी तीच वेळ पाठवणीची. सगळं गाव कमानीपाशी जमलेलं, नवरी रडत होती, बबनराव हत्तीकडे तोंड करून उभे होते. पुढे ट्रेलर आणि त्याच्या मागे फुलांनी सजवलेली नवरा-नवरीची गाडी, अशी दोन्ही एकदमच निघाली. ट्रेलर अगदी हळू चालला होता. वळणाआधी केबिनच्या खिडकीतून मोघ्यांचा हात बाहेर आला आणि जोरजोराने हलायला लागला. गावाने तो पाहिला. सांगोल्याचे शेतकरी, पॅकहाउसमधल्या बायका, आत्या, करवल्या, सगळ्यांनी हात वर केले. कुणीतरी "सायेब, या हो!" म्हणून हाक मारली. बबनरावांनी वळून डोळे पुसले आणि दोन्ही हात हलवले.

मी नाही हलवला. मला उभ्या जागेवरून पुढचा रस्ता दिसत होता. तो मोकळा होता आणि मोघेसाहेब त्या हाताने मागच्या नवरीच्या गाडीला सांगत होते, की बाई, आम्हाला वेळ लागेल, तुम्ही व्हा पुढे.